हिरवा सोडून कुठलाही

— नाही, नाही, उसवा ते. परत उसवा. अहो आरशात बघा ना, इथे, डाव्या बाजूला झोल येतोय, आणि हात वर केला की अख्खा टॉपच वर चढतो — तिथे मला काय नुसतं उभं राहून फोटो काढून घ्यायचाय का? नव्वद सेकंदांचा नाच, त्यात अठरा लाथा, प्रत्येक लाथ नाकापर्यंत, आणि समोर सात परीक्षक टेबलाला कोपरं टेकून बसलेले. टॉप खाली ओढायला एकदा जरी हात गेला ना, तर संपलं. बाई कपड्यातच अडकलीय म्हणतात आणि पुढचा नंबर बोलावतात. — तुम्ही बोलू नका, दोन्या ओफेलिया, तोंडात टाचण्या आहेत, गिळाल एखादी. मीच बोलते. तुम्ही मान हलवलीत तरी पुरे.

नऊ वर्षं झाली मी तुमच्याकडून शिवून घेतेय, कधी अशी किरकिर केलीय का? — केलीय? बरं, केली असेल. पण अशी नाही. आज सकाळपासून काहीच मनासारखं होत नाहीये. शनिवार तर डोक्यावर आलाय, आणि तुमच्याकडे फिएस्ताच्या उत्सवाच्या परकरांचा हा ढीग, पाय ठेवायला जागा नाही — माहितीये मला, एप्रिलमध्ये अख्ख्या सॅन अँटोनियोला परकर लागतो, त्यांच्या मिरवणुका काही थांबणार नाहीत माझ्यासाठी. पण ऑडिशन पण एप्रिलमध्येच असते ना! लोकांना वाटतं, एकदा चिअरलीडर झाली की झाली. आमच्या दाताच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई, रोज बघतात मला, त्यासुद्धा परवा म्हणाल्या, यादिरा, तुला कसली काळजी, तू तर आहेसच ना संघात? म्हटलं, आहे कुठली? सीझन संपला की सगळ्यांची पाटी कोरी. सात वर्षं नाचलेली असो नाहीतर काल शाळेतून सुटलेली असो, सहाशे जणींच्या रांगेत उभं राहायचं, कमरेला नंबर लावायचा आणि छत्तिसांतली एक जागा परत मिळवायची. सात वेळा मिळवली मी. ह्या वेळी नाही मिळाली तर — तर काय, दाताचा दवाखाना आहेच. दिवसभर फोन उचलायचे. बास, तेवढंच उरतं.

इथे जरा घट्ट करा. अजून. अजून, हो — श्वास घेता येतोय, करा. टेप काय म्हणतेय? नको, सांगू नका. अहो नको म्हटलं तर बोटं काय दाखवताय! दोन? दोन इंच? कुठे गेले असतील हो एवढे टॅको, मी तर जानेवारीपासून मक्याच्या पोळीकडे बघितलं नाहीये — काल आईनं बीन्स-चीजचा टॅको समोर ठेवला, वास घेतला आणि उठून गेले, आई रुसून बसली. आणि तरी दोन इंच. एकतिसावं लागलं ना, मग हवा खाल्ली तरी कमरेला लागते. तिकडे सगळ्या एकोणीस-वीसच्या, त्यांना पोट नावाचा अवयवच नसतो.

आणि हा रंग. नारिंगी म्हणजे नारिंगीच ना हा, आपला नेहमीचा? कापड बदललंत का? नाही? त्याच दुकानातून? मग मला का असा मरगळलेला दिसतोय? दर वर्षी हा अंगावर चढला की मलाच माझा हेवा वाटायचा. अहो रंगावरच तर असतं सगळं. परीक्षक नावं वाचत नाहीत, त्यांच्या कागदावर 'ती नारिंगीवाली', 'ती गुलाबी, उंच' असंच लिहिलेलं असतं, आणि म्हणून तिन्ही फेऱ्यांना एकच कपडा घालायचा, म्हणजे चेहरा विसरले तरी रंग लक्षात राहतो. काळा घातला की मागच्या पडद्यात गडप. पांढऱ्याला घाम दिसतो. लाल तर कितीतरी मुलींनी घातलेला असतो. मी पहिल्या वर्षी लालच घातला होता, आठवतं? त्रेचाळीस लाल मोजल्या मी, आणि मी चव्वेचाळिसावी. तेव्हा तुम्हीच म्हणालात, नारिंगी घाल, तुझ्या अंगावर पेटतो. आणि पेटला की नाही सात वर्षं? आता विझला, दुसरं काय.

— ते तिकडे हँगरवर काय आहे? तो हिरवा. हिरवा-सोनेरी. फिएस्ताचाच असेल ना कुणाचा तरी, मिरवणुकीसाठी? — नाही? बरं. असू दे, मला काय करायचंय. छान शिवलाय. सोनेरी पायपिंग सरळ आलीय अगदी. कंबर केवढीशी आहे हो, कुणाची आहे ही — नाही, नको, मी कशाला विचारतेय, गिऱ्हाइकाचं गिऱ्हाइकाला सांगायचं नाही, तुमचा नियम आहे. चांगला नियम आहे तो.

त्या खांद्याकडे लक्ष द्या तुम्ही, टोचलं मला.

माहितीये मला कुणाचा आहे. असं बघू नका. सिट्लालीचाच ना? म्हणजे आली ती. शिवायला टाकला तिनं. मला वाटलं होतं, नाही टाकणार — म्हणजे वाटेत कुणीतरी सांगेल, आई सांगेल, कुणी मैत्रीण — पण तिच्या घरात कुणाला काय कळतंय ह्यातलं? आई लाँड्रीत, भाऊ गॅरेजात. तिला ह्यातलं जे कळतं ते माझ्याकडूनच. नऊ वर्षांची होती, माझ्या शनिवारच्या क्लासला भावाचे मोजे घालून आली, टाचा कुठेतरी घोट्याच्या वर, आणि मी पाय कसा उचलायचा ते दाखवलं तर पहिल्या दिवशी उचलला. पहिल्या दिवशी! मला दोन वर्षं लागली होती. आज अकरा वर्षं झाली. तिची प्रत्येक गिरकी मी घासूनपुसून घेतलीय, रडवलंय तिला, केस विंचरून दिलेत, शाळेच्या स्पर्धेला स्वतःच्या गाडीनं घेऊन गेलेय, म्हणजे कुणी म्हणायला नको की यादिरानं त्या पोरीसाठी काही केलं नाही.

तुम्ही थांबलात का? लावा ना टाचण्या. — हो, माहितीये मला, हिरवा-सोनेरी आपल्या संघाचा रंग आहे. तुम्ही वीस वर्षं ऑडिशनचे कपडे शिवताय, तुम्हाला मी काय सांगणार? संघाचे रंग अंगावर घालून ऑडिशनला जायचं नाही. कागदावर नाही लिहिलेलं कुठे, कागद म्हणतो कुठलाही उठावदार रंग चालेल. पण तो गणवेश मिळवायचा असतो, आयता घालून यायचं नसतं. माझ्याच पहिल्या वर्षी एक बिचारी आली होती ह्यूस्टनहून, नखशिखांत हिरवी, मोठ्या हौशीनं, सुंदर नाचली हो — सातांतल्या एकाही परीक्षकानं पेन उचललं नाही. एक बाई तर हसली. स्वागतकक्षात बसून रडत होती ती पोर, आणि शेवटपर्यंत तिला कुणी सांगितलं नाही की कशामुळे. जुन्या मुलींना माहीत असतं, शिकवणाऱ्यांना माहीत असतं. बाहेरच्यांना नसतं.

आता तुम्ही म्हणणार, मग मी — अहो म्हणत नसाल, पण चेहरा म्हणतोय ना! बरं, ऐका मग. गेल्या महिन्यात संघानं सरावाचा वर्ग ठेवला होता, जुन्या-नव्या सगळ्यांना एकत्र. मी हिला घेऊन गेले. मीच घेऊन गेले, लक्षात घ्या. नवी संचालिका आलीय ना ह्या वर्षी, ती एका कोपऱ्यात उभी राहून बघत होती. वर्ग संपल्यावर माझ्याकडे आली, मला वाटलं माझंच काही — तर म्हणते, ती शेवटच्या ओळीतली मुलगी कोण? म्हटलं, माझी विद्यार्थिनी. वा, म्हणाली. आणि मग दंडावर हात ठेवला माझ्या, असा, आणि म्हणते कशी, 'यादिरा, तू खूप दिलंस संघाला, शिकवण्याचा विचार केलास का कधी?' शिकवण्याचा! तुम्हाला माहितीये ना, हे कुणाला म्हणतात? आमच्या संघातल्या मारिबेलला म्हणाले होते, पुढच्या महिन्यात मारिबेल बाहेर. मीच घडवलेल्या मुलीच्या जिवावर मला बाहेर काढतायत, आणि मी हसून थँक्यू म्हटलं. थँक्यू म्हटलं हो मी.

आणि तिथून बाहेर पडलो, पार्किंगमध्ये, गाडीचं दार पण उघडलं नव्हतं अजून, आणि ही विचारते, मिस, मी रंग कुठला घालू? — काय सांगायचं होतं मला? जांभळा सांगायचा होता. जांभळा खुलतो तिला, पंधरा वर्षांची असल्यापासून मी मनात धरून ठेवलाय तो जांभळा. आणि तोंडातून निघालं, हिरवा. हिरवा-सोनेरी घाल, म्हटलं, त्यांना दिसू दे तू त्यांचीच आहेस ते. असं डोळ्याला डोळा भिडवून म्हटलं. ती काय हरखली! म्हणाली, मला वाटलं होतं ते रंग घालायची परवानगी नसते. म्हटलं, तुला आहे.

मी काही वाईट बाई नाहीये. — एक शब्द निघून गेला तोंडातून. दुसऱ्याच दिवशी सांगणार होते, मग क्लासला ती आली नाही, मग माझा दवाखाना, मग असं वाटलं, राहू दे, अजून शिवायला कुठे टाकलाय तिनं! आणि नाहीतरी ती वीस वर्षांची आहे, तिला अजून दहा तरी एप्रिल पडलेत पुढे. मला हा एकच आहे. एक वर्ष थांबली तर काय बिघडतंय तिचं? मी दोन वर्षं थांबले होते. कुणी मला—

फोन वाजतोय तुमचा. घ्या ना. — हात गुंतलेत? बरं, द्या इकडे. हॅलो? ओफेलियाचं दुकान. — अगं, तू? हो, मीच. मिसच. नाही, माझं माप द्यायला आले होते. — हो, झालाय वाटतं तयार. हँगरवर आहे. — हो, बघितला. — छान आहे. पायपिंग सरळ आलीय. — काय? कोण म्हणालं? ओफेलिया? कधी? — मग तू काय म्हणालीस? — ... — हं. — हं. — सिट्लाली, ऐक, मी काय म्हणत होते— नाही, काही नाही. काही नाही गं. लवकर झोप शुक्रवारी. पाणी पी. — हो. ये तू, वीस मिनिटांत ना? ये.

तुम्ही सांगितलं होतंत तिला. मंगळवारी, मापं घेताना. म्हणालात, पोरी, हा रंग नको, परत विचार कर. — आणि ती काय म्हणाली ते माहितीये ना तुम्हाला? मला आत्ता हसत हसत सांगितलं तिनं. 'मी म्हटलं, माझ्या मिसनी सांगितलंय, म्हणजे झालं.' म्हणजे झालं, म्हणे.

काढा ह्या टाचण्या. नको, राहू दे तो खांदा, जसा आहे तसा घालीन. — अहो, मला नका सांगू, ती येईपर्यंत थांब म्हणून! तुम्हीच सांगा तिला. आत्ता आली ना की हाताला धरून बसवा आणि नीट सांगा, ती ह्यूस्टनची पोर, परीक्षक, सगळं सांगा. जांभळं कापड आहे का तुमच्याकडे? दोन दिवसांत होईल, तुम्ही मनावर घेतलंत तर होईल. सांगाल ना? — माझं नाव घेऊ नका फक्त. — हो, ऐकणार नाही ती. माझ्याशिवाय कुणाचं ऐकत नाही, मलाही कळतं. पण सांगून तर बघा. मी तुम्हाला सांगायला लावलं होतं, एवढं तरी राहील.

माझी पर्स द्या. गाडी मागच्या बाजूला आहे माझी, तिकडूनच जाते. आणि असं गप्प राहू नका हो, टाचण्या काढल्यात ना तोंडातून — नाही, नको. काही बोलू नका. येते मी.