लाट कशाला काढली?

सांगली स्टँडवर सुमैरा विट्याच्या गाडीला थांबली होती. तिथल्या कॉलेजात तिला इलेक्ट्रॉनिक्सला प्रवेश घ्यायचा होता. शेजारच्या बाकावर कुतुबुद्दीन मिस्त्री त्याच कॉलेजच्या सरांना काचेच्या व्हॉल्व्हचा जुना ऑसिलोस्कोप दुरुस्त करून परत देत होते.

"कंडेन्सर वाळलं होतं, दोन व्हॉल्व्ह गेलं होतं. आता सिग्नलची लाट पडद्यावर लख्ख दिसतीया, सर."

"लाट कशाला काढली, चाचा? मी नुसतं व्हॉल्व्ह पेटवा म्हणलो होतो. उद्या तपासणीला समिती येतीया."

"समितीला चालतं मशीन नको?"

"त्यांना उजेड दिसला की बास. चालतं मशीन बघून पोरं विचारणार, ही लाट उमटती कशी?"

"मग सांगायचं की."

"कुणी?"

"तुमी."

"आवं, मी खातेप्रमुख हाय!"

"मग हे माझ्याकडंच ऱ्हाऊ दे. दुकानात रिकामं खोकं हाय, आत लाल बल्ब लावून धाडतो."

"हेच पायजे होतं!"

गाडी लागली. सर खुशीत चढले. सुमैरा मात्र जागची हलली नाही.

"चाचा, तुमच्या दुकानात पोरगी शिकाय आली तर चालंल?"

"चालंल की. पण सर्टिफिकेट मिळायचं न्हाई, बेटा. शॉक तेवढा मिळंल."