कोणाचंच नसलेलं झाड

“हॅलो? … हॅलो, ऐकू येतंय का? … न्हाई, न्हाई, मला काही झालं न्हाई! … अगं, रडू नको आधी. कोणी सांगितलं तुला? … वखारीतल्या राधेश्यामनं? त्याला म्हणलं होतं, घरी फोन करू नको म्हून. … आरा मशीनचं पातं तुटलं. तुकडा उडून पत्र्यात घुसला. … कोणालाच न्हाई लागलं. मशीनवरचे अजमतचाचा बी बराबर हायेत.”

धर्मराज परतूरच्या लाकडाच्या वखारीत उभा होता आणि आपण हे सगळं अगदी शांतपणे सांगतोय अशी त्याची समजूत होती. आवाज मात्र पार रस्त्यापर्यंत जात होता. पात्याचा तुकडा त्याच्याच कानाजवळून गेला होता, पण ते बायकोला, उषाबाईला, सांगायची त्याची छाती नव्हती. उद्या सकाळी वाटूरला नव्या घराची चौकट उभी करायची होती. पाहुणे येऊन बसले होते. उषाबाईने हळदीकुंकू, नारळ, सगळं काढून ठेवलं होतं, आणि चौकट अजून ओंडक्यातच होती.

“हो, हो… आणतो ना. … अगं ऐक ना! … मुहूर्त मला बी ठाऊक हाय. … मिस्त्री आला तर येऊ दे, चहा पाज त्याला. … काहून तुटलं म्हंजी? लाकडात लोखंड होतं. … खिळा न्हाई. … तू आधी बस बरं. … बसलीस? … कडी निघाली. लोखंडाची. झाडानं पार गिळून टाकल्ती, वरून काहीच दिसत नव्हतं.”

खरं तर चौकटीसाठी बांधावरचा लिंब तोडायचं धर्मराजने ठरवलं होतं. कुऱ्हाडवाला आला तेव्हा उषाबाई झाडाला पाठ लावून बसली ती उठेचना. त्या लिंबाला एक कडी होती, आणि त्या कडीला लेकीची, अर्पिताची झोळी बांधून तिने कापूस वेचला होता. शेवटी तोड तिनेच काढली. परदेशातलं सागवान आणा, ते कोणाचंच नसतं. धर्मराजलाही ते पटलं. जहाजातून आलेल्या झाडाशी कोणाची कसली ओळख?

“चाचा म्हणतात, तेवढा तुकडा काढून टाकू. बाकीच्यात चौकट बसती. … तू बी तेच म्हणतीस? मंग झालं तर! जल्दी नवं पातं लावतात आन् … काय? … कशी म्हंजी? कडीसारखी कडी. … हातातच हाय माह्या. … हो, झिजली ना. एका अंगानं. … खालून. … दोरीनंच असंल. … आपल्यासारखीच, हो. … अगं, बैल बांधत असतील! … बैलानं सगळीकडून झिजती, मला बी माहीत हाय. … झोळी? … असंल. मी कुठं न्हाई म्हणलो?”

धर्मराजने फोन कानावरून काढून पाहिला. चालू होता. तो घाबरला. पातं कानाजवळून गेलं तेव्हाही तो इतका घाबरला नव्हता.

“बोल ना… हॅलो? … काय म्हणलीस? … दुसरी? … हां. झोळीला दोन लागतात. आपली एक लिंबाला, एक बाभळीला. …”

त्याने मान वळवली. भिंतीला लागून त्याच जहाजातले ओंडके रचून ठेवले होते. प्रत्येकाच्या तोंडावर लाल रंगाने आकडे घातलेले. दुसरं झाड यातलंच एखादं असेल, नाहीतर कालच कोणाच्या तरी दाराला लागलं असेल.

“हाय इथं ढीग. … आता त्यातलं कोणतं, कसं सांगू? … गाव? गाव कुठं लिहितात. नुसता आकडा हाय. … आफ्रिका म्हणतात चाचा. जंगलंच्या जंगलं तोडून जहाजं भरून राह्यले म्हणं. … तिथली झोळीवाली बाई? … मला काय ठाऊक, आता झोळी कुठं बांधत असंल.”

अजमतचाचांनी नवं पातं चढवलं होतं. बटणापाशी हात नेऊन ते धर्मराजकडे पाहत थांबले.

“चाचा इचारून राह्यले, करू का चालू. … उषा, पाहुणे बसलेत. लाकडाची चौकट न्हाई म्हणल्यावर तुहा भाऊच पहिला बोलंल. … तू सांगशील त्याला? … लोखंडी चौकट? … असती ना तयार, वाटूरच्या वेल्डिंगवाल्याकडं. … तिचीच पूजा? … बिलकुल पक्कं ना? मागून म्हणशील, नवऱ्यानं ऐकलं न्हाई. … बरं. … न्हाई, कडी फेकत न्हाई. घेऊन येतो. … ठेव.”

 त्याने फोन ठेवला आणि कडी खिशात घातली.

“चाचा, बंद करा. … न्हाई, पातं चांगलं हाय. लाकूड कोणाचं तरी हाय.”