प्रयोगशाळेच्या जागी लागलेलं लग्न

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचेही अध्यक्ष, माननीय सहादेवराव. व्यासपीठावर विराजमान झालेले सरपंच आणि संस्थेचे सर्व सन्माननीय संचालक. आजचे सत्कारमूर्ती, आज निवृत्त होत असलेले आपले मुख्याध्यापक आदरणीय कानिफनाथ धनवटे सर, आणि सरांना इतकी वर्षं सांभाळल्याबद्दल खरं तर ज्यांचा सत्कार आधी व्हायला हवा त्या त्यांच्या शेजारी बसलेल्या वहिनी. माझे शिक्षक बंधू-भगिनी, पालक, आजी-माजी विद्यार्थी, आणि मागे मांडवाच्या खांबाला टेकून ‘ही बाई किती वेळ खाणार’ याचा अंदाज घेणारे समस्त ग्रामस्थ हो,

मी जयमाला साळवे. या शाळेत विज्ञान शिकवते. मला पाच मिनिटं दिलेली आहेत. माझ्या आधीच्या वक्त्यांनाही पाचच दिली होती, हे आपण सगळ्यांनी सोसलेलंच आहे. तेव्हा मीही त्याच घड्याळाने बोलेन.

आतापर्यंत सरांना दीपस्तंभ म्हणून झालं, वटवृक्ष म्हणून झालं. सर, खरं सांगा, कंटाळा आला की नाही? मान हलवू नका, बन्सीचा कॅमेरा चालू आहे. बन्सी म्हणजे आपल्या पुणतांब्याचे व्हिडिओ शूटिंगवाले, ते काय त्या कोपऱ्यात स्टुलावर उभे आहेत. आज मी ज्या गोष्टीबद्दल बोलणार आहे तिच्यात त्यांचा मोठा वाटा आहे. बन्सीभाऊ, लाजू नका, कॅमेरा हलतो.

तर गेल्याच वर्षीची, अठ्ठ्याण्णवच्या जानेवारीतली गोष्ट. तेव्हा आपली शाळा दहावीपर्यंतच होती. अकरावीला सायन्स घ्यायचं तर श्रीरामपूर नाहीतर कोपरगाव. दहावी झाली की गावातल्या मुलांना रेल्वेचा पास काढून मिळायचा आणि मुलींना स्थळ बघितलं जायचं. आपल्याकडे यात कुणाला काही वावगंही वाटत नव्हतं. धनवटे सरांना मात्र एकच ध्यास होता. निवृत्त होण्याआधी शाळेला अकरावीचा वर्ग जोडून घ्यायचा. अर्ज झाले, स्मरणपत्रं झाली, आणि अखेर शिक्षण खात्याची समिती शाळा बघायला येणार असं कळलं. सर म्हणाले, “आता नाही तर कधीच नाही.”

आता यात एक घोळ झाला. सर त्याच सुमारास नगरला एका प्रशिक्षणाला जाऊन आले होते, आणि तिथे त्यांनी कॉम्प्युटरवरचा स्लाइड शो बघितला होता. झालं! माणूस भारावूनच परत आला. “बाई, अक्षरं उडत येतात हो, डाव्या बाजूने!” मी म्हटलं, “सर, आपल्याकडे छपराचे पत्रे उडत येतात, ते आधी बघू या.” पण ऐकतील ते धनवटे सर कसले? समितीला तोंडी माहिती द्यायची नाही, स्लाइडवर दाखवायची, आणि त्यात मध्येच आपल्या प्रयोगशाळेचा चालता-बोलता व्हिडिओ लावायचा, असं त्यांनी ठरवून टाकलं.

हे काम आलं आमच्या महेंद्र सरांवर. गणिताचे असल्यामुळे त्यांना कॉम्प्युटर येतो असा शाळेचा समज होता. त्यांनी बिचाऱ्यांनी एक जाडजूड पुस्तक आणून स्लाइड बनवल्या. काय त्या स्लाइड! प्रत्येक ओळ आली की करकचून गाडीचा ब्रेक लागल्याचा आवाज. ‘शाळेची स्थापना’, कर्रर्र. ‘मुलींसाठी स्वच्छतागृह’, कर्रर्र. ओळ संपली की आतून टाळ्या. समितीने टाळ्या वाजवल्या नाहीत तरी कॉम्प्युटर वाजवणार, अशी पक्की व्यवस्था होती.

राहिला व्हिडिओ. तो काढणार कोण? बन्सीभाऊ. त्यांचा आयुष्यभराचा अनुभव लग्नाचा. माझ्या वर्गात मुली हायड्रोजन वायू तयार करून दाखवताहेत, परीक्षानळीच्या तोंडाशी जळती काडी नेली की फट्ट आवाज होतो, आणि बन्सीभाऊ सांगताहेत, “ताई, नळीकडं नका बगू, जरा खाली बगून हसा. आता मैत्रिनीला भरवा.” मी म्हटलं, “अहो, ॲसिड आहे ते!” तरीपण शूटिंग चांगलं झालं. बन्सीभाऊंनी ते आपल्या कॉम्प्युटरमध्ये भरलं, महेंद्र सरांनी तिथेच बसून ते स्लाइडमध्ये जोडलं. एवढा व्हिडिओ फ्लॉपीत मावेना, म्हणून समिती येणार त्या सकाळी बन्सीभाऊंचा अख्खा कॉम्प्युटर गोधडीत गुंडाळून टेम्पोतून शाळेत आणला. दारातून आत आणताना आमच्या एका मावशींनी त्याच्यावरून भाकरतुकडाही ओवाळून टाकला.

समिती आली. दोन साहेब आणि एक मॅडम. रिवाजाप्रमाणे नारळ, शाल, गुच्छ झालं. सहादेवरावांनी लांबलचक प्रास्ताविक केलं. साहेब मंडळींनी नंतर विचारलं होतं की मुख्य भाषण कधी होतं, पण ते असो. अंधार केला. स्लाइड सुरू झाल्या. ब्रेक लागले, टाळ्या झाल्या. सर खणखणीत आवाजात म्हणाले, “आणि आता पाहा, आमच्या विद्यार्थिनी विज्ञानाचे धडे कशा गिरवतात!” महेंद्र सरांनी बटण दाबलं.

आणि सनई वाजली.

पडद्यावर गुलाबाच्या पाकळ्या पडायला लागल्या. मधोमध एक मोठा बदाम उघडला, आणि त्या बदामात नवरी. मुंडावळ्या बांधलेली, मान खाली घातलेली. सगळी शाळा ओळखत होती तिला. आमची भागिरथी. आदल्याच वर्षी दहावीला विज्ञानात केंद्रात पहिली आलेली, आणि निकालाच्या आधीच, मे महिन्यात, लग्न झालेली.

झालं होतं असं की, बन्सीभाऊ लग्नाची कॅसेट कशी देतात हे आपल्याला माहीत आहेच. पहिलं बाळ रांगायला लागलं की लग्नाची कॅसेट येते. भागिरथीच्या लग्नाचं मिक्सिंग त्यांनी आठ महिन्यांनी, नेमकं समिती येण्याच्या आदल्या दिवशी हाती घेतलं. कॉम्प्युटरमध्ये जागा पुरेना, म्हणून त्यांनी आमची प्रयोगशाळा पुसली, आणि ते प्रत्येक तुकड्याला जे एकच नाव देतात, तेच लग्नाच्या तुकड्यालाही दिलं. महेंद्र सर मला नंतर रडवेले होऊन सांगत होते, “बाई, मला वाटलं व्हिडिओ स्लाइडच्या आत जाऊन बसला. तो आत नसतोच हो! आत नुसता पत्ता असतो. त्या पत्त्यावर जो राहत असेल तो दार उघडतो.”

तर दार उघडलं लग्नाने. हॉलमध्ये हशा उसळला. मीही हसले, कशाला खोटं बोलू? पडद्यावर सोफा आला, आणि सोफ्यावर फेटा बांधून झोपलेले आपले अध्यक्ष सहादेवराव. साहेब, रागावू नका, फेटा शोभत होता. आणि मग आपल्याकडच्या प्रत्येक लग्नात होतं ते आलं, मान्यवरांचे आशीर्वाद. माईक कुणाच्या हातात? धनवटे सरांच्या. सर अक्षतांच्या आधी बोलत होते आणि ते शब्द हॉलभर घुमले:

“भागिरथी ही आमच्या शाळेची अत्यंत गुणी विद्यार्थिनी. इतकी हुशार मुलगी या घरात येते आहे. तिच्या हुशारीचा सासरच्या मंडळींना खूप उपयोग होईल!”

पडद्यावरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. महेंद्र सर जी दिसेल ती कळ दाबत होते, पण व्हिडिओ संपला की आपोआप पुन्हा सुरू व्हावा, अशी सोय त्यांनीच मोठ्या हौसेने करून ठेवली होती. त्यामुळे पुन्हा सनई, पुन्हा पाकळ्या, पुन्हा ती खाली मान, आणि पुन्हा, “खूप उपयोग होईल!” या खेपेला हसणारे कमी झाले. तिसऱ्यांदा ते वाक्य आलं तेव्हा कुणीच हसलं नाही. मला माझ्याच हसण्याची लाज वाटली. माझ्या वर्गातली पोर होती ती. तिने मला एकदा विचारलं होतं, “बाई, हायड्रोजन जळतो, ऑक्सिजन जाळतो, मग दोघांचं पाणी होऊन आग कशी विझते?” अशी पोर बदामात घालून बसवली होती आम्ही सगळ्यांनी.

कुणीतरी ओरडलं, “वायर काढा!” तेव्हा सर उठले. म्हणाले, “काढू नका.” मग समितीकडे वळून म्हणाले, “साहेब, दाखवायचं होतं दुसरंच. पण आता लागलंच आहे तर बघा. आमच्या मुलींची अकरावी ही अशी होते. माईकवर बोलतो आहे तो मीच. मीच तिला शिकवलं आणि मीच अक्षता टाकल्या. आणि आज तिसऱ्यांदा ऐकेपर्यंत मला त्यात काही खटकलं नव्हतं.”

समितीच्या मॅडमनी विचारलं, “मुलीचं वय?”

सर म्हणाले, “सोळा.”

“आणि ते सोफ्यावर कोण?”

“ते आमचे अध्यक्ष.”

सहादेवराव तेव्हा छताच्या पंख्याकडे बघत होते. आत्ताही तिकडेच बघताहेत. पण त्यांच्याबद्दल एक सांगितलंच पाहिजे. त्या दिवसानंतर ते सोळा वर्षांच्या एकाही मुलीच्या लग्नाला गेलेले नाहीत, आणि अध्यक्ष येत नाहीत म्हटल्यावर दोन लग्नं पुढे ढकलली गेली. या माणसाच्या फेट्याला गावात एवढं वजन आहे, हे आम्हाला तेव्हा कळलं.

समितीने चहा घेतला, पोह्यांना हात लावला नाही. आम्ही म्हटलं, बोंबललं सगळं! आणि जूनमध्ये मंजुरी आली. अकरावी सायन्स, याच शाळेत.

आता खरी गंमत पुढे आहे. मंजुरीचं पत्र आलं त्या दिवशी सर पेढे वाटत बसले नाहीत. मला म्हणाले, “बाई, चला,” आणि आम्ही थेट नदीकडच्या वस्तीवर भागिरथीच्या सासरी गेलो. तिच्या सासूबाई साळूबाई ओट्यावर शेंगा फोडत होत्या. सर दहा मिनिटं शिक्षणाचं महत्त्व सांगत राहिले. साळूबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “मास्तर, कॅशेट आली आमची. म्या चारदा बगितली. तुमीच म्हनला हुता ना, पोर लई हुशार हाय, घराला उपेग हुईल?”

सर म्हणाले, “म्हणालो होतो.”

“मंग तवाच का न्हाई सांगितलं, की तिला शिकवा म्हनून? माईक तुमच्याच हातात हुता की! समदं गाव बसलं हुतं. तुमचा शबूद कुनी मोडला असता?”

मंडळी, एरवी सर वाद हरले की आवाज वाढवतात. त्या दिवशी ओट्यावर मांडी घालून शेंगांच्या फोलपटांकडे बघत बसले आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. साळूबाईंनी एक मूठ शेंगा त्यांच्यापुढे सरकवल्या आणि आत हाक मारली, “भागे, दप्तर कुठं ठिवलंस गं?” दप्तर तिने फेकलं नव्हतं. मग आम्हाला म्हणाल्या, “धाडते. पर उद्या लोकं हसली, तर पुन्यांदा माईकवर या आनि सांगा.”

लोक हसले. आणि सर सांगत राहिले. पारावर, सोसायटीत, बाजारात, आणि हो, लग्नांतसुद्धा. आता सर लग्नात आशीर्वाद द्यायला उभे राहिले की पहिल्यांदा मुलीची इयत्ता विचारतात. त्यामुळे हल्ली त्यांना माईक देताना वरबाप दोनदा विचार करतात.

भागिरथी परवाच अकरावी पास झाली. वर्गात पहिली नाही आली, तिसरी आली. घरचं आवरून, गुरांचं बघून शाळेत येणाऱ्या मुलीला तिसरा नंबर पुष्कळ आहे. हे सगळं सांगण्याआधी मी तिला विचारलं होतं. ती म्हणाली, “बाई, सांगा, पण ते बदामाचं नका सांगू.” भागिरथी, तेवढं माझ्याकडून निसटलं बाई.

मी थांबते. आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, आयोजकांनी मला बोलायला दिलं, आणि बोलता बोलता अडवलं नाही, त्याबद्दल मनापासून आभारी आहे. अध्यक्ष महाराज, बन्सीभाऊ, महेंद्र सर, आपली थट्टा प्रेमापोटी केली. कुठे जास्त लागली असेल तर आपलं माणूस समजून पोटात घाला. आणि सर, आपल्याविषयी बोलताना माझं काही उणं-अधिक झालं असेल, तर जाता जाता तेवढी एक छडी माफ करा.

आता शेवटचं. माझ्यानंतर विद्यार्थ्यांच्या वतीने एकच वक्ता आहे. साळूबाई, तिला पुढे येऊ द्या. बन्सीभाऊ, कॅमेरा फिरवा, आणि यात पाकळ्या टाकू नका. कुणीतरी माईकचा दांडा जरा खाली करा, तिची उंची कमी आहे.

सर, त्या दिवशी माईक तुमच्या हातात होता आणि ती मान खाली घालून बसली होती. आज तुम्ही बसा.

भागिरथी, ये. बोल.