पेजेतली गोळी

लिहा, पण लिहिलंत ते मला वाचून दाखवायचं आणि माझं नाव घालायचं नाही, हे आधीच सांगतो. संशयी म्हणा, चालेल. आमचं घरच तसं. कुडाळच्या अलीकडचं गाव, बाबा रेशनचे तांदूळ घरी आणून परत मापायचे, आणि माप बरोबर भरलं तर म्हणायचे, आज दुकानदाराच्या मनात काहीतरी काळंबेरं आहे. त्या घरात वाढलेला मी. आयटीआय केलं, एसी-फ्रीजचं काम शिकलो आणि कुवेतची लढाई संपल्यावर तीन-चार वर्षांनी एका मेंटेनन्स कंपनीच्या व्हिसावर तिकडे गेलो.

कुवेत शहराच्या रिग्गई भागात खोली, सहा जण, सगळे बॅचलर, म्हणजे बायका गावी असलेले बॅचलर, काय सांगू तुम्हाला. शेजारच्या खाटेवर दत्ताराम, आमच्याच बाजूचा, सुतार, देवमाणूस. कोणी काही दिलं की आधी तोंडात टाकणार आणि मग विचारणार काय होतं. माझं उलटं. सुट्टीवरून परतताना मी गोळ्यांचा डबाच आणायचो, तापाच्या, पोटाच्या, सल्फाच्या, कारण परक्या मुलखातल्या औषधावर माझा विश्वास नव्हता. कंपनीचा दवाखाना होता, तिथला म्हातारा मल्याळी कंपाउंडर सुट्या गोळ्या कागदाच्या पुडीत बांधून द्यायचा, पुडीवर औषधाचं नाव नाही, काही नाही. मग संशय येणार की नाही, तुम्हीच सांगा.

दत्ताला लघवीला जळजळ सुरू झाली. कंपाउंडरने पुडी दिली, दोन गोळ्या त्याच्या पोटात गेल्या तेवढ्यात मी कामावरून आलो. पुडी उघडली, वास घेतला, म्हटलं, मेल्या, ह्यो खडू आसा, फेकून दी, ही घे माझी, कुडाळच्या दुकानातली, मी धा येळा घेतलंय, माका काय झाला? सल्फाची होती, जंतू मारायची. त्याने घेतली. सकाळ-संध्याकाळ मी स्वतः काढून द्यायचो हो, आठवण ठेवून.

आठ-दहा दिवसांत ताप चढला, डोळे लाल, तोंड आतून सोललं, छातीवर चट्टे. टॅक्सी करून सरकारी इस्पितळात नेला. डॉक्टर इजिप्तचा, विचारतो काय काय घेतलं. दत्ताला बोलता येईना, मी सांगितलं, कंपनीच्या दवाखान्यातली गोळी. डब्याचं नाव काढलं नाही. भीती होती, गावची औषधं खोलीत सापडली तर बताका काढून घेतील, म्हणजे आपलं तिथलं ओळखपत्र हो, आणि विमानात बसवतील. पण खरं सांगतो, भीती अर्धीच. माझी गोळी मला औषधच वाटत नव्हती, ती घरची होती.

खोलीत सगळे एकच म्हणाले, कंपाउंडरानच घात केल्यान. मीही म्हणालो, मीच जास्त. कंपनीच्या मुदीरला, मोठ्या साहेबाला, द्यायचा अर्ज माझ्याच अक्षरात लिहिला, पाच सह्या घेतल्या. म्हाताऱ्याची नोकरी गेलीच असती.

आणि रोज भेटीच्या वेळेला फ्लास्कमधून पेज न्यायचो. तोंड सोललेलं, दुसरं काही जात नव्हतं. इस्पितळातल्या सलाइनवरही माझा विश्वास नव्हता, म्हटलं जळजळ परत उठेल, म्हणून माझी गोळी वाटून त्या पेजेत घालायचो. चार दिवस घातली. चट्टे पाठीवर गेले. डॉक्टर मान हलवत म्हणायचा, सगळं तर बंद केलंय, मग उतरत का नाही?

चौथ्या दिवशी सिस्टर कागद घेऊन आली, केरळची होती, हिंदीत बोलायची. म्हणाली, औषधाने त्रास झाला तर हा भरून वर पाठवतात, पेशंट स्वतः सांगू शकतो, घरचं माणूसही सांगू शकतं. मी विचारलं, आणि पकडणार कोणाला? ती म्हणाली, पकडनेके लिए नहीं, भैया, अगलेको बचानेके लिए. मला काय ते पटलं नाही, सरकारी कागद आणि पकडायचा नाही? तरी ती विचारत गेली, गोळी कोणती, कधी सुरू केली, चट्टे कधी उठले, आणि घरकी, दोस्तकी, दुकानकी, जो भी ली, सब बोलो. मग म्हणाली, बिगडनेसे पहले नया क्या लिया?

अहो, हा माझा प्रश्न. बंद पडलेल्या एसीसमोर उभा राहिलो की मी पहिलं हेच विचारतो, बिघडायच्या आधी शेवटचं काय बदललं? गिऱ्हाईक म्हणतं काहीच नाही, आणि मी कधी विश्वास ठेवत नाही. फ्लास्क माझ्या हातातच होता. झाकण उघडून मी आतली पेज बघितली. अख्ख्या जगावर संशय घेतला मी, फक्त माझ्या हातावर नाही.

सगळं सांगितलं. गोळ्यांची पट्टी खिशातच होती, ती दिली. ती ओरडली नाही, पट्टी पाकिटात घातली, धावत डॉक्टरकडे गेली. मुदीरला द्यायचा अर्जही खिशातच होता, तो मी तिथेच फाडला. ती परत आल्यावर कंपाउंडरच्या पुडीवर नाव नसायचं हेही बोललो, तर म्हणाली, वो भी लिखवाओ, वो भी गलती है. बताका कोणी मागितला नाही. तरी महिनाभर दार वाजलं की मला धडकी भरायची.

दत्ता वाचला. डोळे कायमचे कोरडे झाले, थेंब घालावे लागतात. खोलीवर आणल्यावर मीच सांगितलं त्याला, रडत सांगितलं. तो एवढंच म्हणाला, पेज कडू लागत होती, माका वाटला तोंडाची चव गेली.

आता दोघेही गावी. त्याच्या पाकिटात चिठ्ठी असते, सल्फा देऊ नये, डॉक्टर कोणताही असो, आधी ती काढून दाखवतो. माझ्याकडे येतो दर रविवारी. बायको चहा ठेवते, तो कप उचलतो, आत बघतो, माझ्यापुढे सरकवतो आणि म्हणतो, आधी तू पी. हसत नाही म्हणताना. मी पितो. देव त्याला शंभर वर्षं देवो, आणि दर रविवारी माझ्यावर संशय घ्यायला पाठवो.