मामांच्या मोटारीचा खुराक

मोटारीचं कौतुक मला सांगू नका, मी भातकुलीच्या मामांची मोटार पाहिली आहे.

शंकरपटात मामांची बैलजोडी हरल्याचं कुणाला आठवत नव्हतं. अमरावतीचा एक वकील त्यांना म्हणाला, "पाटील, बैल कोणीबी पळवते. मोटार पळवून दाखवा." मामांनी जुनी मोटार घेतली आणि पटाच्याच मैदानावर वकिलाच्या मोटारीशी शर्यत लावली. सगळं गाव लोटलं. मामा पुढे होते. अर्ध्यात धडाम आवाज झाला, धूर निघाला आणि मोटार जागीच बसली. वकील हात हलवत पुढे गेला.

अकोल्याहून मिस्त्री आला. त्याने इंजिन खोललं, आत बोट घातलं, बोटाचा वास घेतला. पुन्हा घेतला.

"पाटील, तेल कोणतं टाकलं होतं?"

"ते काळं तेल सकाळीच काढून फेकलं. साजूक तूप टाकलं, घरचं."

"तूप? काहून?"

"पटाच्या आधी बैलाले तूपच पाजतो आमी. आजवर एकबी बैल फुटला नाही."

मिस्त्रीने शांतपणे हात पुसले. "पिस्टन चिकटला, दांडा तुटून बाहेर आला. हे इंजिन गेलं, पाटील. मुंबईहून दुसरं मागवा लागते."

मामांनी उघड्या इंजिनाकडे पाहिलं.

"मंग दोन मागव," ते म्हणाले. "एकट्याले जुंपलं, तितंच चुकलं आपलं."