गोजरबाईंचा फोटो

मरिया : म्हणजे पत्र आलं, तुम्ही वाचलं, पुस्तकात घातलं आणि अकरा वर्षं गप्प बसलात?

दानीएल : उत्तर लिहायला बसलो होतो. चार वेळा. जमलं नाही.

मरिया : अहो, चाळीस वर्षं स्टुडिओ चालवलात, एक पोस्टकार्ड जमलं नाही? वाचू मोठ्यानं? ‘दानीएलभाऊ, फोटू झाला का? घरात मालकांचा तेवढा एकच हाय. बिघडला आसंल तरी कळवा, मी भांडनार न्हाई. गोजरबाई, मुक्काम कोल्हार.’ भांडणार नाही म्हणतेय बाई!

दानीएल : म्हणूनच नाही जमलं.

मरिया : आणि फोटो कुठाय? पत्राबरोबरच्या पाकिटात नुसता कोरा कागद. मी त्यावर किराणा लिहिणार होते.

दानीएल : मरिया! दे इकडे. तोच फोटो आहे.

मरिया : यात कोण दिसतंय तुम्हाला?

दानीएल : तिनं फक्त फ्रेम करायला दिला होता. शहाणपणा माझा. म्हटलं, सेपिया करून देतो, नातवंडं बघतील. ब्लीचमध्ये टाकला की चित्र पुसलं जातं. मग सल्फाइडमध्ये टाकला की तपकिरी होऊन परत येतं.

मरिया : मग?

दानीएल : परत आलंच नाही.

मरिया : वास आला होता का? तो सडक्या अंड्यांचा?

दानीएल : वास... नाही. त्या दिवशी तू ओरडली नव्हतीस.

मरिया : तो वास नाकात घेऊन मी जन्मभर स्वयंपाक केलाय. वास नाही म्हणजे औषध मेलेलं, हे मला कळतं. तुम्हाला कळलं नाही?

दानीएल : बाटली जुनी होती खरी. पण मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं.

मरिया : मग ताजं आणून परत टाकायचा.

दानीएल : आणि तरी नाही आला तर?

मरिया : देवा! अहो, इथं सावेडीत पेरू विकतो तो अंगद तिचा नातू. परवा म्हणाला, आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी सुटल्यावर पहिलं विचारलं, नगरहून फोटू आला का? म्हणून तर मी तुमचं कपाट उपसलं. उठा, सल्फाइड आणा!

(दोन दिवसांनी, बाल्कनीत. मरियाच्या नाकाला पदर.)

मरिया : अगंबाई, काय हा वास! वरच्या क्रिस्टीनाला वाटेल, आमच्याकडे उंदीर मेलाय.

दानीएल : येतोय ना? नक्की?

मरिया : डोळ्यांतून पाणी येतंय माझ्या. टाका आता.

दानीएल : तू टाकतेस?

मरिया : हद्द झाली! टाका म्हणते ना!

दानीएल : टाकला... मिशी. मरिया, मिशी आली!

मरिया : कोटही आला. आणि शेजारी हे काय?

दानीएल : पाण्याचं इंजिन. त्यांनी नवं घेतलं, त्या दिवशी हा फोटो मीच काढला होता.

मरिया : ए, त्या हातांनी मला शिवू नका! आधी पत्र लिहा.

दानीएल : काय लिहू? औषध जुनं होतं आणि मी भित्रा?

मरिया : तसंच लिहा. त्यातलं एक अक्षर खोडू नका.

०

दानीएल : पत्ता परत एकदा बघू का?

मरिया : तीनदा बघितलात. पोस्टाच्या काउंटरवरच्या बाई कधीच्या हात पुढे करून बसल्यात. सोडा ते पाकीट.

दानीएल : सोडलं.

मरिया : पावती घ्या. चला. रस्त्यावर गाड्या आहेत, हात द्या इकडे.

दानीएल : हाताला वास येतोय अजून.

मरिया : येऊ दे.