सैल दोरी

आमच्या रामामामांचं नाव निघालं की माझे हात आपोआप जुळतात. का ते ऐका.

रामनगरच्या भावजींची नवी मोटारसायकल मी हट्टानं मागून आणली आणि ती गुंद गावाजवळ बंद पडली. मामा ट्रॅक्टर घेऊन रामनगरलाच निघालेले. दोघांनी मिळून गाडी ट्रॉलीत चढवली. मी ती स्टँडवर लावली आणि हँडलाला दोरी बांधली.

मामांनी दोरी ओढून बघितली. "एवढी सैल का रं?"

"हलायला जागा नको व्हय?"

"म्हस हाय काय ती, उठा-बसायला?"

काय करणार, जन्मभर जनावरंच बांधलेली मी. मामांनी स्टँड काढला, दोन्ही बाजूंनी दोऱ्या ताणून बांधल्या, चाकांना लाकडं लावली. टाकी घासू नये म्हणून आपलं कांबळं घातलं. तरी माझा जीव खालीवर.

"असं कर," मामा म्हणाले. "माझा ट्रॅक्टर तू चालव, तुझी गाडी मी मागं बसून धरतो. म्हंजे दोघंबी जपून जाऊ."

रामनगरात भावजींनी गाडीभोवती दोन चकरा मारल्या. एक ओरखडा न्हाई. मामांचं कोपर मात्र सोललेलं. मी बघतोय म्हटल्यावर बाही खाली ओढून त्यांनी विचारलं, "माझ्या ट्रॅक्टरला काय लागलं न्हाई न्हवं?"